ताणली तरी वाहणारी शाई: सिलिकॉनवर कार्बनचा सेन्सर छापण्याची पहिली पट्टी

या लेखात एक साधी पट्टी बनवायची आहे. मऊ सिलिकॉनच्या पापुद्र्यावर कार्बनच्या शाईची ६० मिमी लांब, ५ मिमी रुंद रेघ, दोन्ही टोकांना वायर जोडण्याची सोय आणि वरून पुन्हा सिलिकॉनचं झाकण. पट्टी सैल असताना रोध २० ते ५० किलोओहमच्या आसपास यावा, ५० टक्के ताणल्यावर तो वाढावा आणि सोडल्यावर जवळपास मूळ आकड्याला परतावा. बोटाची हालचाल, छातीचा भाता, मऊ रोबोटचं वाकणं मोजायला एवढं पुरतं.

नवखा माणूस बहुतेकदा आकड्याच्या मागे लागतो. रोध कमी कसा करायचा, चांदी घालायची का, नॅनोट्यूब आणायच्या का? सेन्सरला त्याची गरज नसते. तीस किलोओहम कुठलाही साधा मायक्रोकंट्रोलर आरामात वाचतो. पट्ट्या वाया जातात त्या तीन जागी: शाईतल्या गुठळ्या, सेट न झालेला सिलिकॉन, आणि मऊ पट्टीला कडक वायर जिथे भेटते तो जोड. म्हणून पुढे जास्त शब्द या तीन गोष्टींवर खर्च केले आहेत.

कुठला वाहक पदार्थ घ्यावा

चांदीच्या पत्रीची ताणता येणारी शाई बाजारात तयार मिळते आणि छापायलाही सोपी असते. पण ती महाग असते आणि जोडतारांसाठी जास्त योग्य. शिवाय दमट हवेत, दोन शेजारच्या रेघांमध्ये डीसी व्होल्टेज असलं तर चांदी हळूहळू एका रेघेकडून दुसरीकडे सरकते आणि शॉर्ट होतो. ठाण्याच्या पावसाळ्यात उघडी चांदी ठेवण्यात शहाणपणा नाही. मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये चांदीवर कार्बनचा थर देतात तो याचसाठी.

गॅलियम-इंडियमचा द्रवधातू दिसायला जादूसारखा असतो. ७५.५ टक्के गॅलियम आणि २४.५ टक्के इंडियम, वितळणबिंदू सुमारे १५.७ अंश, म्हणजे आपल्याकडे वर्षभर द्रवच. पण अर्धा मिमी रुंद, अर्धा मिमी खोल आणि १० सेंमी लांब नळीत भरला तर रोध जेमतेम ०.१२ ओहम येतो. तो मोजायला वेगळं सर्किट लागतं. ॲल्युमिनियमला तो पोखरतो, त्यामुळे लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर एक थेंबही पडू देऊ नये. पहिल्या पट्टीसाठी नको.

उरतं कार्बन ब्लॅक. स्वस्त, टिकाऊ, आणि चुका माफ करणारं. मात्र कुठलंही कार्बन ब्लॅक चालत नाही, आणि इथेच पहिली फसगत होते. नवी मुंबईतल्या टीटीसीच्या (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात, रबाळे-महापे-पावण्याकडे, रबराचं काम करणारे कारखाने आहेत. ओळखीतून तिथली पिशवीभर काजळी सहज मिळते. ती टायर-रबराच्या कामाची असते, बहुधा एन३३० किंवा तिची भावंडं. दोन अडचणी. एक, तिच्या कणांची जाळी विरळ असते, म्हणून वीज वाहायला ती खूप जास्त घालावी लागते आणि मग सिलिकॉन ताणायच्या लायकीचा उरत नाही. दोन, भट्टीतून निघालेल्या अशा काजळीत गंधक असतं आणि प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर सेट होणाऱ्या सिलिकॉनला (आपण वापरणार तो असाच) गंधक म्हणजे विष. मिश्रण चिकटच राहतं.

मागताना ॲसिटिलीन ब्लॅक असं स्पष्ट सांगा. बॅटरीच्या कामासाठी विकतात ते. ते शुद्ध असतं आणि वजनाने १०० भाग सिलिकॉनला १० भाग घातलं की वीज व्यवस्थित वाहते. केट्जेनब्लॅक हे दुसरं वाहक कार्बन ब्लॅक मिळालं तर तेही उत्तम, पण त्याचं प्रमाण साधारण निम्मं करा. नाहीतर शाई शाई न राहता मातीसारखी होईल.

सामान

सिलिकॉन: इकोफ्लेक्स ००-३०, भाग अ आणि भाग ब, समान वजनाने. २३ अंशांना मिसळल्यावर ४५ मिनिटं हाताळता येतो आणि ४ तासांत सेट होतो. पण हे आकडे एसी खोलीचे. मे महिन्यात घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये दुपारी ३४ अंश असतील तर ४५ मिनिटांची २० ते २५ झाली असं धरून चाला. दोन्ही बाटल्या तासभर फ्रिजमध्ये ठेवून काम सुरू केलं तर थोडी उसंत मिळते. मात्र झाकण उघडण्याआधी बाटली बाहेरून पुसून कोरडी करा.

हार्डवेअरच्या दुकानातला खिडकीच्या फटी बुजवायचा सिलिकॉन यासाठी चालत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार सेट होताना ॲसिटिक आम्ल सोडतो आणि तांब्याचे जोड हिरवे पडतात.

पातळ करायला एन-हेप्टेन, प्रयोगशाळेच्या दर्जाचं. रंगाच्या दुकानातलं एनसी थिनर नको, पेट्रोल तर नकोच. त्यांत काय काय मिसळलेलं असतं आणि त्यातलं काय प्लॅटिनमला नडेल याचा भरवसा नाही. हेप्टेन सिलिकॉनला फुगवून पातळ करतं आणि लवकर उडून जातं. ते अतिशय ज्वलनशील आहे: उणे ४ अंशांनाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. स्वयंपाकघरात, देवघरातल्या दिव्याजवळ किंवा गिझरच्या पायलटजवळ बाटली उघडूसुद्धा नये. खिडक्या उघड्या असलेली बाल्कनी बरी.

बाकीचं सामान: ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा (सोनारी काट्यांसारखे छोटे काटे मिळतात), ३०० मिमी चौकोनी काचेची जाड फरशी, पेंटरची स्टीलची पट्टी म्हणजे पुट्टी लावायचा पत्रा, झाकणाच्या दोन काचेच्या बाटल्या, ओएचपी शीट (प्रोजेक्टरची पारदर्शक शीट), आयसोप्रोपिल अल्कोहोल, विनाइलचे हातमोजे आणि एन९५ मास्क. लॅटेक्सचे हातमोजे घालू नका, त्यातल्या गंधकाने सिलिकॉनचं सेट होणं थांबतं. रबर बँडही टेबलावर नको. मास्क मात्र हवाच: कोरडं कार्बन ब्लॅक इतकं हलकं की चमचा हलला तरी उडतं, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते संभाव्य कर्करोगकारक गटात, म्हणजे २बी मध्ये ठेवलेलं आहे. वजन करताना पंखा बंद.

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान ठाण्यात न मिळाल्यास दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळेल. टिचबटणं आणि अस्तराची जाळी शिवणकामाच्या दुकानात, जांभळी नाक्याच्या बाजारात. ओएचपी शीटवर आकार कापायला नंबरप्लेटवाला रेडियमवाला गाठा. त्याच्याकडचा कटर १०० मायक्रॉनची पॉलिस्टर शीट कापतो, फक्त पात्याचा दाब वाढवायला सांगा. तो स्वतःच्या रोलमधला विनाइल वापरू म्हणेल. नको म्हणा. पीव्हीसीमध्ये कधी कधी टिनचे क्षार असतात आणि तेही प्लॅटिनमला नडतात.

पाया ओतणे

पापुद्रा १५० × १०० मिमी, अर्धा मिमी जाड. आकारमान ७.५ मिली, वजन साधारण ८ ग्रॅम. भांड्याला चिकटून जाणारं धरून ६ ग्रॅम अ आणि ६ ग्रॅम ब घ्या. सपाट ॲक्रिलिकवर ओएचपी शीट टेपने ताणून बसवा. दोन्ही लांब कडांना ओएचपीच्या पाच-पाच पट्ट्या एकावर एक चिकटवा, म्हणजे अर्धा मिमी उंचीचे रूळ तयार होतात. ॲक्रिलिक पाणसळीने समपातळीत आणा. हा टप्पा लोक गाळतात, मग पट्टीची एक बाजू जाड आणि एक पातळ होते आणि ताण एकाच जागी साठतो.

मिश्रण दोन मिनिटं सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडत. मध्यभागी ओता आणि पुट्टीचा पत्रा रुळांवर टेकवून एकाच हाताने, एकाच वेगात ओढा. एवढ्या पातळ थरातले बुडबुडे दहा मिनिटांत आपोआप वर येऊन फुटतात. व्हॅक्यूम पंप नसला तरी अडत नाही. खोलीच्या तापमानाला ४ तास ठेवा, किंवा तासभर तसंच ठेवून मग ६० अंशांवर अर्धा तास. ओव्हन खाण्याच्या पदार्थांचा नको, वेगळा जुना ओटीजी घ्या. पापुद्रा शीटवरून सोडवायचा नाही. छपाई संपेपर्यंत तो तिथेच राहू दे.

शाई घोटणे

सगळ्या कामाचा जीव इथे आहे, म्हणून घाई नको.

कार्बन ब्लॅक आधी ओटीजीमध्ये ११० अंशांवर दोन तास उघड्या ताटलीत वाळवा आणि गरम असतानाच बाटलीत बंद करा. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी धरतं, त्याने गुठळ्या पटकन सुटत नाहीत.

शाई दोन भागांत बनवायची, म्हणजे ती बाटलीत टिकते. पहिला भाग: ५ ग्रॅम अ आणि ०.५ ग्रॅम कार्बन. दुसरा भाग: ५ ग्रॅम ब आणि ०.५ ग्रॅम कार्बन. दोन्हींना वेगळा पत्रा आणि वेगळा चमचा. अ चा पत्रा ब मध्ये गेला तर बाटलीतच शाई सेट होईल.

काचेच्या फरशीवर सिलिकॉन ओता, कार्बन थोडं थोडं टाका आणि चमच्याने नुसतं ओलं करून घ्या. सगळं कार्बन आत गेलं, उडायचं थांबलं की पत्रा तिरका धरून जोर देत घोटायला लागा: पसरा, खरवडून गोळा करा, पुन्हा पसरा. चंदन उगाळतात तसा एकसारखा दाब हवा. दहा-बारा मिनिटांनी लेप चमकदार काळा होतो आणि पत्र्याखाली खरखर लागत नाही. हे हेप्टेन घालण्याआधी करायचं, यामागे कारण आहे. घट्ट लेपात घासण्याचा जोर कणांपर्यंत पोहोचतो. पातळ शाईत गुठळ्या तरंगत बाजूला सरकतात आणि तुम्ही नुसतं ढवळत बसता.

उलट बाजूही लक्षात असू द्या. ट्रिपल रोल मिलवर (तीन रुळांमधून लेप दाबून काढणारं यंत्र) तासन् तास घोटलं तर कार्बनच्या कणांच्या साखळ्याच तुटतात आणि रोध वाढतो. हाताने एवढं नुकसान होत नाही, पण मिल हाती लागली म्हणून दहा फेऱ्या मारू नका. दोन-तीन पुरेत. स्वयंपाकाचा मिक्सर मात्र कधीच नको: मोटरच्या ठिणग्या आणि हेप्टेनची वाफ एका खोलीत असता कामा नयेत.

तपासणी सोपी आहे. टाचणीच्या डोक्याएवढी शाई दोन काचपट्ट्यांमध्ये दाबा आणि मोबाइलच्या टॉर्चवर धरा. एकसारखा धुरकट थर दिसला तर ठीक. काळे ठिपके आणि त्यांच्यामध्ये उजळ जागा दिसल्या तर अजून पाच मिनिटं.

आता प्रत्येक भाग आपापल्या बाटलीत भरा, त्यात ३ ग्रॅम हेप्टेन घाला आणि झाकण लावून हलवा. शाई चमच्यावरून दाट मधासारखी पडायला हवी. अजून घट्ट वाटली तर अर्धा ग्रॅम वाढवा. बाटलीवर तारीख आणि प्रमाण लिहा. घट्ट झाकणाखाली, थंड जागी दोन्ही भाग वेगवेगळे टिकतात. उडालेलं हेप्टेन पुढच्या वेळी वजन करून भरून काढता येतं, म्हणून भरल्या बाटलीचं वजनही लेबलावर असू द्या.

पहिल्याच दिवशी १०० भाग सिलिकॉनला ८, १० आणि १२ भाग कार्बन अशा तीन छोट्या शाया करून पाहिल्या तर पुढचे बरेच प्रश्न सुटतात. ८ भागांना रोध फार वर-खाली होतो, कारण कणांची जाळी जेमतेम जुळलेली असते आणि जराशा ताणाने तुटते. १२ च्या पुढे थर ठिसूळ होतो, जास्त ताणला की बारीक चिरा पडतात. बहुतेक कामांना १०.

छपाई

ओएचपीच्या स्टेन्सिलमध्ये पाच पट्ट्या कापून घ्या: मधली रेघ ६० × ५ मिमी, दोन्ही टोकांना १० × १५ मिमीचे चौकोन, दोन पट्ट्यांच्या मध्यात १८ मिमी अंतर. रेघ जिथे चौकोनाला मिळते तिथे काटकोन नको, २-३ मिमीची गोलाई हवी. काटकोनात ताण साठतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

पाया आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्या. स्टेन्सिल वर ठेवून बोटाने दाबली की इकोफ्लेक्सच्या अंगच्या चिकटपणाने ती बसते, गोंद लागत नाही. दोन्ही भागांची शाई समान वजनाने, प्रत्येकी २ ग्रॅम, तीन मिनिटं मिसळा. पाच पट्ट्यांना खरं तर अर्धा मिलीही लागत नाही, पण एवढ्या थोड्या शाईचं प्रमाण काट्यावर नीट जमत नाही. शाईची ओळ एका कडेला टाकून जुनं एटीएम कार्ड ४५ अंशांत धरा आणि एकदाच ओढा. फार तर दोनदा. पुन्हा पुन्हा ओढलं की शाई स्टेन्सिलखाली शिरते आणि कडा फाटतात. स्टेन्सिल लगेच, ओली असतानाच, एका कोपऱ्यातून सरळ वर उचला. १०० मायक्रॉनचा ओला थर हेप्टेन उडाल्यावर साधारण निम्मा, ५० मायक्रॉन, उरतो.

याच ओल्या अवस्थेत जोडाचं कापड बसवायचं आहे, म्हणून पुढचा भाग वाचल्याशिवाय शाई मिसळू नका.

पाऊस कोसळत असेल आणि खोलीत घामट हवा असेल तर एक वेगळीच गंमत होते. हेप्टेन उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि शाईवर पांढुरका मळ किंवा बारीक भोकं दिसतात. अशा दिवशी एसी सुरू करून खोली कोरडी करा, किंवा छापल्यावर पट्टीवर मोठं भांडं तिरकं झाकून हेप्टेन सावकाश उडू द्या.

अर्धा तास उघड्यावर, मगच ओव्हन. हेप्टेन आत असताना ओटीजी लावला तर बंद पेटीत पेटती कॉइल आणि ज्वलनशील वाफ अशी गाठ पडते. वास पूर्ण गेल्यावर ६० अंशांवर तासभर.

शंभरेक नग काढायचे असतील तर स्क्रीन. लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापणाऱ्या कारागिराकडून ११०-१२० मेशची स्क्रीन बनवून घ्या. कागदाच्या बारीक अक्षरांसाठीच्या जाळीतून ही शाई उतरत नाही. मात्र शाई जाळीत सेट झाली तर स्क्रीन गेलीच. कुठल्याही थिनरने सेट झालेला सिलिकॉन विरघळत नाही. काम संपताक्षणी हेप्टेनने पुसा, आणि कारागिराची रोजची स्क्रीन उसनी मागू नका.

जोड: पट्ट्या इथेच मरतात

सिलिकॉनवर सोल्डर धरत नाही, तांब्याची चिकटपट्टी काही तासांत सुटते, आणि मगरचिमटे मऊ थर कापतात. चालणारी पद्धत अशी. निकेल-तांब्याचा मुलामा दिलेलं वाहक कापड, ज्याचं शिल्डिंगसाठी टेप म्हणून रोल येतं, पण गोंद नसलेलं, ५ मिमी रुंद आणि २५ मिमी लांब कापा. चौकोनावरच्या ओल्या शाईत त्याची १० मिमी बाजू हलकेच दाबा. शाई धाग्यांमधून वर आली पाहिजे. वरून काडीने शाईचा एक पातळ थेंब पसरवा. उरलेले १५ मिमी बाहेर.

पण एवढ्याने भागत नाही. मऊ पट्टी ताणली जाते आणि कापड ताणलं जात नाही. दोन्हींच्या सीमेवर सगळा ताण एकवटतो आणि शाई तिथे कापडापासून सोलली जाते. उपाय म्हणजे कडकपणा एकदम न वाढवता टप्प्याने वाढवणं. अस्तराची बारीक जाळी दोन मापांत कापा. एक तुकडा चौकोनाएवढा, दुसरा चौकोनाच्याही पुढे रेघेकडे ८-१० मिमी जाणारा, टोकाला व्ही आकारात कातरलेला. झाकणाच्या सिलिकॉनमध्ये दोन्ही बुडवून बसवले की टोकाचा भाग ताणलाच जात नाही, आणि ताण हळूहळू मधल्या रेघेवर चढतो. साठ मिमीतली शेवटची दहा मिमी अशी निम्मी कडक झाली तरी चालेल. मोजणीत तो भाग कमी ताणला जातो एवढंच.

बाहेर आलेल्या कापडाला टिचबटण ठोका आणि त्याच्या दुसऱ्या अर्ध्याला वायर सोल्डर करा. बटण आधी ठोकून मग त्यावर सोल्डर करायला गेलात तर उष्णतेने कापड जळतं.

झाकण आणि पहिले ताण

टिचबटणाची बाजू ओएचपीच्या तुकड्याने झाकून वरून ०.३ ते ०.५ मिमी इकोफ्लेक्स ओता. पाया सेट झाल्यापासून एक-दोन दिवसांच्या आत हे केलं आणि मधे बोटांचे ठसे पडले नाहीत तर थर एकमेकांना घट्ट धरतात. सेट झाल्यावर नवी करकरीत कटरची पाती घेऊन पट्ट्या वेगळ्या करा. कडेला एक जरी बारीक चीर राहिली तरी इकोफ्लेक्स तिथून टराटर फाटतो, म्हणून कात्री नको.

नवी पट्टी मल्टिमीटरला लावून ताणली तर आकडे काहीही येतील. पहिल्या ताणाला कार्बनच्या काही साखळ्या कायमच्या तुटतात, सिलिकॉनही थोडा सैल पडतो. म्हणून वापरात जेवढा ताण येणार त्याहून किंचित जास्त, म्हणजे ५० टक्क्यांच्या पट्टीला ६० टक्के, असे ३० ते ५० वेळा सावकाश ताणून सोडा. रोध सुरुवातीपेक्षा वर जाऊन एका जागी बसतो. तो बसलेला आकडा हाच पट्टीचा शून्य. मूळ आकडा विसरून जा.

वाचायचं कसं

सर्किट म्हणजे साधा व्होल्टेज विभाजक. पट्टी आणि एक स्थिर रोध मालिकेत, मधल्या बिंदूवरून आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची ॲनालॉग पिन. स्थिर रोध निवडताना पट्टीचा किमान आणि कमाल रोध गुणून वर्गमूळ काढा. २५ ते ६० किलोओहम असेल तर साधारण ३८.७, म्हणून ३९ किलोओहम. ऊनोच्या एडीसीला, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला, १० किलोओहमपेक्षा कमी स्रोतरोध आवडतो, त्यामुळे पिन आणि ग्राउंडच्या मध्ये १०० नॅनोफॅराडचा कपॅसिटर टाका. नाहीतर शेजारच्या पिनचं वाचन यात मिसळतं. लांब वायर आणि उघडी पट्टी ५० हर्ट्झची घरघर पकडते. २० मिलिसेकंदांत समान अंतराने घेतलेल्या वाचनांची सरासरी काढली की ती जवळपास जाते.

आता स्टीलच्या मोजपट्टीवर ६० मिमीची रेघ ६६, ७२, ७८, ८४, ९० मिमीपर्यंत ताणा. प्रत्येक जागी ३० सेकंद थांबून आकडा टिपा, आणि तसंच उलट्या क्रमाने खाली या. वर जाताना आणि खाली येताना एकाच लांबीला आकडे वेगळे दिसतील. हे पदार्थाचंच वागणं आहे, सर्किटची चूक नाही. दोन ओळींच्या मधलं अंतर हीच तुमच्या मोजणीची खरी अचूकता, कोडमध्ये कितीही दशांश छापले तरी.

अजून एक चकवा. पट्टी सोडताना रोध सरळ खाली न येता क्षणभर उलटा वर उसळतो. नवखे याला लूज जोड समजून पट्टी फेकून देतात. आकुंचनाच्या वेळी कार्बनची जाळी नव्याने जुळत असते, त्याची ही उसळी. लूज जोडाची खूण वेगळी: वायर हलवली, पण पट्टी हलवली नाही, तरी आकडा नाचतो.

पट्टी अंगावर बांधली तर तापमानही आकड्यात शिरतं. सिलिकॉन गरम झाला की फुगतो, कण दूर जातात, रोध वाढतो. बांधल्यावर पाच मिनिटं थांबून मग शून्य घ्या.

काही बिघाड, थोडक्यात

शाई दुसऱ्या दिवशीही चिकट असेल तर गंधक, टिन किंवा अमाइन शोधा: लॅटेक्सचे मोजे, टायरची काजळी, शेजारी चाललेलं इपॉक्सीचं काम, रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेला साचा. शंका असलेल्या वस्तूवर चमचाभर साधा इकोफ्लेक्स सेट करून बघितला की गुन्हेगार सापडतो. रोध अनंत दाखवत असेल पण शाई नीट सेट झाली असेल तर मल्टिमीटरच्या सुया झाकणातून खरोखर शाईला टेकल्या आहेत का ते आधी बघा, मग कार्बनचं वजन. पाचही पट्ट्यांचे आकडे एकाच दिशेने वाढत गेले असतील तर पाया समपातळीत नव्हता किंवा कार्डाचा दाब एका बाजूला जास्त होता. आणि पन्नासेक ताणांनंतर अचानक रोध दहापट झाला तर रेघेकडे बघत बसू नका. टोकाची जाळी कापून पाहा, कापड सुटलेलं असेल.

दुसरी पट्टी: धारितेची (कपॅसिटन्सची)

रोधाची ही उसळी आणि हे मागे-पुढे नकोसं झालं की त्याच शाईने कपॅसिटर बनवा. खाली एक रेघ, मध्ये अर्ध्या मिमीचा इकोफ्लेक्स, वर दुसरी रेघ. १० × ५० मिमीच्या रेघांना साधारण २५ पिकोफॅराड येतात. ताणल्यावर लांबी वाढते, रुंदी आणि जाडी सारख्याच प्रमाणात घटतात आणि एकमेकींना कापतात, म्हणून धारिता थेट लांबीच्या प्रमाणात वाढते: ५० टक्के ताणाला सुमारे ३७ पिकोफॅराड. शाईचा रोध वर-खाली झाला तरी वाचनावर फारसा परिणाम होत नाही. मोजायला एफडीसी१००४ ही चिप चालते. तिची कक्षा अधिक-उणे १५ पिकोफॅराड आहे, पण मूळ धारिता वजा करण्याची सोय आतच आहे. अडचण एकच: हात जवळ नेला तरी आकडा हलतो. त्यावर बाहेरून आणखी एक कार्बनचा थर छापून तो ग्राउंडला जोडावा लागतो.

हालचाल घडवायची असेल तर

हीच दोन रेघांची रचना उलटी चालवली तर ॲक्च्युएटर होतो. मधला थर ५० मायक्रॉनचा करून ३ किलोव्होल्ट दिले की इलेक्ट्रोड एकमेकांना ओढतात, सुमारे ९० किलोपास्कल दाब पडतो आणि पापुद्रा पसरतो. अमेरिकेतल्या एसआरआय इंटरनॅशनलच्या संशोधकांनी २००० साली अशा रबरी पापुद्र्यांतून १०० टक्क्यांहून जास्त ताण मिळवून दाखवला होता. पण धुळीचा एक कण किंवा एक बुडबुडा असला तर तिथे ठिणगी पडून पापुद्रा जळतो, आणि हे व्होल्टेज घरातल्या टेबलावर हाताळायचं नाही. करंटची मर्यादा असलेला पुरवठा, इंटरलॉक आणि शेजारी जाणकार माणूस असेल तिथेच करा.

घरी करण्यासारखा प्रकार उष्णतेचा आहे. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती तपकिरी पॉलिइमाइड टेप घ्या आणि तिच्या चिकट बाजूवर कार्बनची शाई २० × २० मिमी छापा. समोरासमोरच्या दोन कडांना वाहक कापड बसवा, वरून अर्धा मिमी सिलिकॉन. इकोफ्लेक्स इथे फार मऊ पडतो, सिल्गार्ड १८४ हा जास्त कडक सिलिकॉन वजनाने १०:१ घ्या. शाईही त्याच सिलिकॉनमध्ये केली तर थर एकजीव होतात. चौकोनाचा रोध २ किलोओहम आला तर ३० व्होल्टला ०.४५ वॉट मिळतात आणि तापमान खोलीपेक्षा चाळीस-पन्नास अंशांनी चढतं. सिलिकॉन टेपपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो, त्यामुळे पट्टी टेपच्या बाजूला वळते. १२ व्होल्टवर ती हलत नाही म्हणून शाईला दोष देऊ नका. व्होल्टेज अडीचपट कमी झालं की वॉट सहापट कमी होतात. आणि पंख्याखाली ठेवली तर ३० व्होल्टलाही ती जेमतेम वळेल.